डोळ्यांनी दिलेला होकार

मैंदर्गीच्या बाजारात सिद्धम्माच्या हाताचं नाव होतं. बांगड्या भरायच्या तर तिच्याकडूनच, असं आसपासच्या खेड्यांतल्या बायका म्हणायच्या. हात रुंद हाडाचा असो नाहीतर बाळंतिणीचा सुजलेला असो, ती अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाब द्यायची, समोरचीला गप्पांत गुंतवायची, आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते तिला कळायचंसुद्धा नाही. दुकान नवरा-बायको दोघांचं. मल्लप्पा माल आणायचा, गावोगावच्या जत्रांत पाल ठोकायचा, आणि दुकानात गर्दी झाली की तोही मांडी घालून बायकांच्या हातात बांगड्या भरायला बसायचा. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दोन्हीकडे सिद्धम्माच्या तोंडाचा पट्टा सुरूच. ती गप्प बसलेली गावात कुणी पाहिली नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर तिला जुलाब झाले. चार-पाच दिवसांत थांबलेही. पंधरवड्यानं एका मंगळवारी ती एका नव्या नवरीला हिरवा चुडा भरत होती, आणि तिच्या बोटांतून बांगडी निसटली. दुसरी घेतली, तीही निसटली. तळपायांना मुंग्या येत होत्या, त्या तिनं दोन दिवस कुणाला सांगितल्या नव्हत्या. बुधवारी तिला उंबरा ओलांडता येईना. गुरुवारी जीपमध्ये घालून अक्कलकोटला नेलं, तिथून सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात. वाटेत तिला पाण्याचा घोट गिळता आला नाही. संध्याकाळपर्यंत श्वास पुरेना, म्हणून तोंडातून नळी घालून तिला मशिनवर ठेवलं.

डॉक्टरांनी मल्लप्पाला बाहेर बोलावून समजावलं. "जीबीएस म्हणतात याला. नसांवरचं जे आवरण असतं, त्यावर शरीर स्वतःच हल्ला करतं. बरं होतं, पण आठवडे जातात. एक लक्षात ठेवा, त्यांचं डोकं शाबूत आहे. त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं."

मल्लप्पानं मान डोलावली. पण काचेतून बघितलं तर बायको लाकडासारखी पडलेली, तोंडात नळी, चेहऱ्यावर काही हालचाल नाही. हिला सगळं कळतंय, हे त्याच्या मनात काही उतरलं नाही.

आणि तिला सगळं कळत होतं.

वर छताला पांढऱ्या चौकोनी फरशा होत्या, त्यातली एक कोपऱ्यात पिवळी पडली होती. सिद्धम्मा तिच्याकडे बघत पडून राहायची, कारण मान दुसरीकडे वळत नव्हती. भुवईला खाज सुटली तर ती तशीच सोसायची, पेटत पेटत आपोआप विझेपर्यंत. अंगावरची चादरसुद्धा तापलेल्या वाळूसारखी लागायची. माणसं तिच्या अंगावरून एकमेकांशी बोलायची, तिच्या पायाशी उभं राहून डब्यातल्या भाजीची चौकशी करायची. तिनं घसा फाटेपर्यंत ओरडून पाहिलं, पण ते ओरडणं आतल्या आतच फिरलं. आयुष्यभर जिभेवर जगलेली बाई, आणि तिच्याकडे आता उरल्या होत्या फक्त दोन पापण्या. त्याही जड झालेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या कॉटभोवती कुणीतरी पडदा ओढला. तिनं डोळे फिरवले तर पुरुष. तिशीचा, सावळा, बारीक दाढी राखलेला, निळ्या कपड्यांतला. हातात गरम पाण्याचं भांडं आणि स्वच्छ कपड्यांची घडी. तिला वाटलं वॉर्डबॉय असेल, भांडं ठेवून जाईल. तो गेला नाही. त्यानं हातमोजे चढवले.

"अक्का, मी रत्नदीप. इथला ब्रदर. ब्रदर म्हणजे नर्सच. तुमचं अंग पुसायचंय, खालचं बदलायचंय. सिस्टर पलीकडच्या पेशंटमध्ये अडकल्यात."

सव्वीस वर्षांच्या संसारात मल्लप्पानंसुद्धा तिला उजेडात कधी उघडी पाहिली नव्हती. आणि हा कोण कुठला बाप्या आता तिचं लुगडं नसलेलं अंग बघणार, घाण काढणार. उठून पळावं तर पाय नाहीत. पदर ओढावा तर हात नाहीत, आणि पदरही नाही. तिच्या उशाशी मशिन टिंगटिंग वाजायला लागलं.

रत्नदीपनं मशिनकडे बघितलं, मग तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि हात मागे घेतला.

"थांबा. मला सांगा, मी केलेलं चालणार नाही का? चालत असेल तर डोळे एकदा मिटा. चालत नसेल तर दोनदा."

पाच दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या धक्क्यानं ती क्षणभर नुसतीच बघत राहिली. मग तिनं जोर लावून डोळे मिटले. एकदा. आणि परत एकदा.

"बरं," तो म्हणाला. "सिस्टर मोकळ्या झाल्या की पाठवतो. थोडा वेळ लागेल हां, अक्का." चादर तिच्या खांद्यापर्यंत ओढून तो पडद्याबाहेर गेला.

सिस्टर यायला दीड तास लागला. तोवर ती त्याच घाणीत पडून होती. इफ्रा सिस्टर मनानं चांगली, पण दोघांत मिळून आठ पेशंट. तिनं भराभर पुसलं, भराभर बदललं. कुशीवर वळवताना सिद्धम्माचा हात अंगाखाली सापडला, खांद्यातून कळ गेली. सिस्टरला ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नदीप पुन्हा आला, पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा दोनदा डोळे मिटले. तो पुन्हा परत गेला. तोंड वाकडं केलं नाही, की घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं तेव्हा सिद्धम्मानं त्याच्या हातांकडे नीट बघितलं. हाताची पारख हा तिचा धंदाच होता. नखं कापलेली, बोटं स्थिर, आणि हात तिच्या हुकमाची वाट बघत भांड्याच्या कडेवर टेकलेले. तिनं डोळे एकदा मिटले. मग छताकडे बघत राहिली.

त्यानं अंगावरून चादर काढलीच नाही. चादरीखाली हात घालून, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं करायचं, पुसलं की लगेच झाकायचं. प्रत्येक वेळी आधी सांगायचं. "आता डावा हात उचलतो." "आता कुशीवर घेतो, हात पुढं धरलाय, दबणार नाही." काम करताना नजर कामावर, बोलताना नजर तिच्या डोळ्यांवर. शरमेनं ती मरायचीच, ती शरम काही गेली नाही. पण शरमेबरोबर आणखी काहीतरी होतं. या खोलीत आपण सामान नाही, माणूस आहोत, एवढं एका माणसाला तरी ठाऊक आहे, याचा आधार.

एके दिवशी पाय सरळ करताना त्यानं विचारलं, "ब्यानी?"

दुखणं. तिच्या माहेरचा शब्द. सिद्धम्माचे डोळे मोठे झाले.

तो हसला. "लहानपणी आमच्या शेजारी कानडी कुटुंब होतं. दहा-बारा शब्द येतात, त्यातले निम्मे शिव्या." मग त्यानं रीतसर चौकशी सुरू केली. डोकं? दोनदा. हात? दोनदा. पाय? एकदा. उजवा? एकदा. गुडघा? टाच? एकदा! टाचेखाली त्यानं कापसाची उशी सारली, आणि आठ दिवसांची ठणक अर्ध्यावर आली. कधी खाज शोधायची, कधी नुसतं उकाडा होतोय का ते. तिच्या उशाशी भिंतीवर त्यानं कागद चिकटवला. ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'पेशंटला सगळं कळतं. डोळे एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. विचारा.'

काम करता करता तो स्वतःविषयीही बोलायचा. त्याची आई पारूबाई, दुसऱ्या एका दवाखान्यात आया होती. मुलानं नर्सिंगला जायचं म्हटल्यावर वडील, ईश्वर त्यांचं नाव, महिनाभर बोलले नव्हते. पेशंट कुणी त्याला वॉर्डबॉय म्हणे, कुणी कंपाउंडर, आणि गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की डॉक्टरसाहेब. "पलीकडचे आजोबा म्हणतात, सुई तू टोच, तुझा हात हलका हाय. पण तेच काल मला म्हणाले, पोलिसात भरती का नाही झालास, बायकी काम कशाला धरलंस." त्यानं सलाईनची गाठ सोडवली. "पोरगी बघायला गेलो होतो शुक्रवार पेठेत. पोरीच्या मामानं तीन वेळा विचारलं, नर्स म्हणजे नक्की काय करता? मी सांगितलं. चौथ्यांदा विचारलं नाही, चहाही दुसऱ्यांदा विचारला नाही."

सिद्धम्मा हसली. चेहरा हलला नाही, पण ती हसली. त्याला ते कळलं असावं, कारण तोही हसला.

भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच. एकेकानं आत जायचं. मल्लप्पा यायचा, कॉटजवळ उभा राहायचा, तिच्या कपाळाला अंगारा लावायचा आणि घाबरलेल्या चेहऱ्यानं मशिनकडे बघायचा. भिंतीवरचा कागद त्यानं बघितला असेल, वाचला नाही. त्याची शाळा कानडी. मराठी बोलायला पक्की, वाचायला अडखळणारी.

एका शनिवारी त्याचा धाकटा भाऊ ईरप्पा आला. ईरप्पा चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर. कागदपत्रं, ऑफिसं, साहेब लोक हे घरातलं खातं त्याचं. तो आत शिरला तेव्हा सिद्धम्माच्या कॉटला पडदा होता, आणि पडद्यातून भांडं घेऊन रत्नदीप बाहेर येत होता.

"तुमी कोण?"

"ब्रदर. स्टाफ नर्स. अक्कांचं आवरून झालंय, या."

"आवरून म्हंजे? तुमी आवरलं?"

"हो."

"आडनाव काय तुमचं?"

रत्नदीप क्षणभर थांबला. "बनसोडे."

"हं," ईरप्पानं तो हं लांबवला.

सिद्धम्माला सगळं ऐकू आलं. ईरप्पानं मल्लप्पाला आत बोलावून घेतलं, वॉचमन नको म्हणत असताना. दोघं भाऊ तिच्या पायाशी उभे राहून कानडीत कुजबुजले. परका पुरुष, पडदा लावून, रोज. गावात कळलं तर. ती शुद्धीत न्हाय म्हणून काय कुणीबी हात लावायचा? मल्लप्पाचा चेहरा उतरत गेला.

"तिला काय कळतंय आता," तो म्हणाला, "बिचारी."

सिद्धम्मानं डोळे दोनदा मिटले. परत दोनदा. नाही, नाही, नाही. तिनं इतक्यांदा मिटले की पाणी आलं. मल्लप्पा वाकला, खिशातून रुमाल काढला आणि तिचे डोळे मायेनं पुसले.

"डोळ्यांत काय तरी गेलंय गं तुझ्या," तो म्हणाला, आणि तिच्या पापण्या बोटांनी मिटून टाकल्या.

सोमवारी रत्नदीप आला तो पडदा न ओढता. दोन हात अंतरावर उभा राहिला. "अक्का, मला खाली हाडांच्या पुरुष वॉर्डात टाकलंय. तुमच्या घरच्यांनी अर्ज दिलाय. तुमचं काय कसं करायचं ते इफ्रा सिस्टरना सांगितलंय मी." तो आणखी काही बोलणार होता, पण दारातून कुणीतरी हाक मारली. तिनं डोळे दोनदा मिटले. त्यानं मान खाली घातली आणि गेला.

पुढचे सतरा दिवस सिद्धम्माला आयुष्यात कधी विसरता येणार नाहीत.

गळ्याला भोक पाडून तिथून नळी घातली. तिची कॉट खिडकीकडे हलवली, कागद जुन्या भिंतीवरच राहिला. पहिले दोन दिवस इफ्रा सिस्टरनं आठवणीनं विचारलं, मग तिची ड्युटी बदलली. नव्या सिस्टर यायच्या, "बऱ्या आहात ना, अक्का?" म्हणायच्या, आणि पापणी हलायच्या आत पुढच्या कॉटकडे निघून जायच्या. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकीला घाई होती. सिद्धम्मा अंगानं भरलेली, तिला कुशीवर वळवायला दोघी लागायच्या आणि दोघी एकदम मोकळ्या क्वचितच असायच्या. मग वळवणं राहून जायचं. माकडहाडापाशी आधी टोचलं, मग जळलं, मग तिथं निखारा ठेवल्यासारखं झालं. ती त्या निखाऱ्यावर झोपायची, जागी व्हायची, आणि डोळे मिटत-उघडत राहायची. कुणी बघेल म्हणून. दुसऱ्या आठवड्यात वास आला तेव्हा जखम सापडली. बांगडीएवढी.

"एवढी मोठी झाली आणि बोलल्या नाहीत," ड्रेसिंग करणारी मुलगी सवयीनं म्हणून गेली, आणि स्वतःच ओशाळली.

कुठल्या तरी एका सकाळी तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. मग खांदा. मग एकेक करून बोटं, चोरून परत आल्यासारखी. मशिन आधी दिवसा काढलं, मग पूर्ण काढलं. गळ्याच्या नळीला टोपण बसवून डॉक्टर म्हणाले, "बोला बघू काहीतरी."

मल्लप्पा पुढं झुकला. घोगरा, फाटका आवाज आला. "आ तम्मा यल्ली?"

तो धाकटा भाऊ कुठाय?

मल्लप्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं लगेच विजापूरला तिच्या धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ दुसऱ्या दिवशी डाळिंबांची पिशवी घेऊन हजर झाला आणि बहिणीनं पहिली आपलीच आठवण काढली म्हणून तिच्या पायाशी बसून रडला. आपण ब्रदरविषयी विचारलं होतं, हे सिद्धम्माला त्याला सांगवेना. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, हात जेवढा पोचला तेवढा.

भाऊ गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. एकेक शब्द श्वास घेऊन.

"अर्ज का दिलात?"

मल्लप्पा चपापला. "तुला कसं ठावं?"

"मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरनं सांगितलं नव्हतं तुमाला?"

"अगं, परका माणूस. ईरप्पा म्हणाला…"

"तुमी तीस वर्षं परक्या बायकांचे हात हातात घेता. त्यांचे नवरे समोर बसून चहा पितात. कधी कुणी अर्ज दिला?"

"हात येगळा. हे येगळं," मल्लप्पा म्हणाला. त्याचा स्वर भांडणाचा नव्हता, हरलेल्या माणसाचा होता. "फरक हाय, सिद्धू."

"फरक हाय. म्हणून तो रोज इचारायचा. मी हो म्हटलं होतं."

"तू कुटं बोलत होतीस?"

"डोळ्यांनी. तुमालाबी सांगत होते. तुमी रुमालानं पुसलं."

मल्लप्पानं खिशातला रुमाल चाचपला. मग "नर्सबाईला बोलावतो, औषधाची वेळ झाली," असं म्हणून उठून गेला.

अडीच महिन्यांनी ती मैंदर्गीला घरी आली, वॉकर धरून. अंगण बायकांनी भरून गेलं. कुणी ओवाळलं, कुणी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. सगळ्यांत पुढं शेजारची म्हातारी गंगव्वा. तिनं गाल कुरवाळून विचारलं, "व्हय गं, एवढे दिवस हातरुणात, सगळं करायला बायकाच हुत्या न्हवं?"

सिद्धम्मानं तोंड उघडलं. त्याआधी मल्लप्पाच बोलला. "व्हय की. सगळ्या सिस्टरच. लई चांगल्या."

सगळ्या सिद्धम्माकडे बघत होत्या. तिला आता आवाज होता. घोगरा का होईना, होता. आणि तरीही ती काही बोलली नाही. मान डोलावली. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. सुनेनं, महेश्वरीनं, दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तवा नळी होती गळ्यात. आता काय हाय?" महेश्वरीला काही कळलं नाही. मग सिद्धम्मानं तिला पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. महेश्वरी ताट समोर तसंच ठेवून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "अत्ती, पुढच्या वेळी दवाखान्यात मी येते."

महिन्यानं तपासणीला तिघं सोलापूरला गेले. नंबर लावून झाल्यावर सिद्धम्मा महेश्वरीला घेऊन खाली हाडांच्या वॉर्डाकडे निघाली. मल्लप्पा मागून, चार पावलं अंतर ठेवून. रत्नदीप पाय बांधलेल्या एका पैलवानाला उशी लावत होता. त्यानं तिला बघितलं आणि चेहरा उजळला. झटकन पुढं आला. आणि मधेच थांबला. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"चालताय की, अक्का. तळपाय जळजळतात का अजून?"

"जळजळतात. तुला कसं ठावं?"

"जळजळतात बरेच दिवस. गार पाण्यात बुडवू नका."

"तम्मा," ती म्हणाली, "मी अर्ज दिला नव्हता."

"माहीत आहे मला." त्यानं मल्लप्पाकडे बघायचं टाळलं. "तुम्ही कशा देणार."

वॉर्डाच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या. चढताना महेश्वरीनं धरलं होतं. आता निघताना ती वॉकर उचलायला वाकली आणि सिद्धम्माचा तोल जरा गेला. सिद्धम्मानं हात पुढं केला, रत्नदीपकडे. "धर."

त्याचा हात निघाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं व्हरांड्यात इकडंतिकडं बघितलं. "मावशी!" त्यानं हाक मारली. "अहो मावशी, जरा या इकडं. पेशंटला धरा."

"मी सांगतेय की, धर."

"नको, अक्का." त्याचा आवाज खाली आला. "मागच्या आठवड्यात ओपीडीत एक बाई माझ्यासमोर चक्कर येऊन पडली. मी सिस्टरला हाका मारत उभा राहिलो. तिचं डोकं फरशीवर आपटलं. मी नर्स आहे. आणि मी उभा राहिलो."

आया आली, तिनं सिद्धम्माला धरून उतरवलं.

सिद्धम्मा तिथून सरळ मेट्रनच्या केबिनमध्ये गेली. मेट्रन शुभदा मॅडम पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी कपाटातून फाईल काढली. अर्ज एकच पान होता. महेश्वरीनं तो मोठ्यानं वाचला. मधेच अडखळली.

"'सदर कर्मचाऱ्याने माझ्या पत्नीशी गैरवर्तन केले.'"

"म्हंजे?" मल्लप्पानं विचारलं.

महेश्वरीनं त्याचा अर्थ कानडीत सांगितला. मल्लप्पाचा चेहरा पांढरा पडला. "असं मी म्हणलो नव्हतो. मी म्हणलो, बाई द्या. एवढंच म्हणलो. ईरप्पानं लिवलं, मी सही केली."

"या एका शब्दामुळं त्याची कायम व्हायची मुलाखत झाली नाही," मॅडम म्हणाल्या. "चौकशीत काही निघालं नाही, मी स्वतः केली. पण शब्द राहतो. आणि वरून नियम आला, स्त्री रुग्णाला पुरुष परिचारकानं हात लावायचा नाही. आमच्याकडे बायका आधीच कमी, आता आणखी ओढाताण." त्या मल्लप्पाकडे वळल्या. "अर्जदार तुम्ही आहात. तुम्ही मागे घेतलात तर मला वर कळवता येईल."

मल्लप्पानं जमिनीकडे बघितलं. फरशीवरून एक पाय दुसऱ्या पायाकडे सरकवला. "ईरप्पाला इचारतो," तो म्हणाला. "त्याला बिनइचारता कसं…"

"तुमच्या बायकोला विचारा की," मॅडम म्हणाल्या.

"इचारतो," मल्लप्पा परत म्हणाला, कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि तो बाहेर गेला.

सिद्धम्मानं कोरा कागद मागितला. बोटांत पेन ठरेना, म्हणून महेश्वरीनं लिहिलं आणि तिनं सांगितलं. तिला आयुष्यात शब्द कमी पडले नव्हते, पण तिथं ती फार थोडं बोलली. "लिही. मी शुद्धीवर होते. तो हात लावायच्या आधी दर वेळी इचारायचा. मी दोन दिवस नको म्हटलं, तर त्यानं लावला न्हाय. तिसऱ्या दिवशी मी हो म्हटलं. तो गेल्यावर मला कुणी इचारलं न्हाय, आणि मला जखम झाली. ती अजून भरली न्हाय."

"आणखी काही?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय. एवढंच खरं हाय."

सही करायला तिला पाच मिनिटं लागली. अक्षरं वेडीवाकडी, ओळीच्या खाली घसरलेली. मॅडमनी कागद वाचला आणि फाईलमध्ये पहिल्या अर्जामागं लावला.

"पहिला काढा की," सिद्धम्मा म्हणाली.

"तो काढता येत नाही, बाई. हा जोडता येतो."

मल्लप्पानं अर्ज मागे घेतला नाही. ईरप्पाला त्यानं विचारलं की नाही, हे सिद्धम्माला कधी कळलं नाही. तिनं दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तो जत्रेच्या मालाविषयी बोलायला लागला. रत्नदीपची नोकरी अकरा महिन्यांसाठी पुढं वाढली, कायम झाली नाही. नियम तसाच आहे. सिद्धम्मा व्यायामासाठी सोलापूरला जाते तेव्हा वॉर्डाच्या दारातून त्याला बघते. तो पुरुषांना उशा लावत असतो, पुरुषांच्या पट्ट्या बदलत असतो, आणि तिला बघितलं की लांबूनच मान हलवतो. ती तळपायांचं सांगते, तो ऐकून घेतो. मध्ये दाराच्या पायऱ्या असतात.

तिच्या बोटांत आता जुन्यातली निम्मी ताकद आली आहे. काचेच्या बांगड्या महेश्वरी भरते, लहान पोरींच्या प्लास्टिकच्या ती भरते. दुकानात बसलं की बायका आजाराचं विचारतातच. एका गुरुवारी गंगव्वाच्या सुनेनं विचारलं, "एवढं सगळं कोण करत हुतं हो तुमचं?"

"एक ब्रदर होता," सिद्धम्मा म्हणाली. "बाप्या माणूस. अंग पुसायचा, घाणबी काढायचा. आदी इचारून."

एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी हसली, मग गप्प झाली. मल्लप्पा समोर खोकी रचत होता. त्यानं वर बघितलं नाही, की नाहीही म्हटलं नाही. एक खोकं उचलून तो आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"आनि तुमी करू दिलं?" गंगव्वाच्या सुनेनं हळूच विचारलं.

"दोन दिस न्हाय दिलं," सिद्धम्मा म्हणाली, आणि पुढच्या पोरीचा हात हातात घेतला.